मुरलेलं तंत्रज्ञान: सगळ्यात साधा गेम बॉय सगळ्यांना पुरून कसा उरला?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा लोकलमध्ये नेट गेलंय म्हणून जे वाचतायत, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून काढलाय. बोलताना माझे जे 'अं' आणि 'म्हणजे' येतात ते गाळलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

सुरुवात एका छोट्या परीक्षेने करू. तुमच्यासमोर तीन मशीन ठेवतो, त्यातलं एक निवडा.

पहिलं मशीन: रंगीत स्क्रीन, मागून लाइट, ग्राफिक्ससाठी वेगळी चिप, आणि डावखुऱ्यांसाठी उलटं धरून खेळायची सोय. दुसरं मशीन: तेही रंगीत, तेही लाइटवालं, स्क्रीन मोठी, आणि वरून एक ट्यूनर लावला की चक्क टीव्ही दिसतो. तिसरं मशीन: हिरवट-राखाडी स्क्रीन, फक्त चार छटा, लाइट नाही, एखादी गोष्ट जोरात पळाली की मागे धूसर रेघ राहते, आणि अंधारात तर काहीच दिसत नाही.

बोला, कुठलं घ्याल?

पहिलं मशीन म्हणजे अटारीचं लिंक्स. दुसरं म्हणजे सेगाचं गेम गिअर. आणि ते तिसरं, बिचारं, म्हणजे निन्टेन्डोचा गेम बॉय. गेम गिअर सुमारे १ कोटी ६ लाख विकलं गेलं. लिंक्स त्याच्याही बरंच मागे राहिलं. आणि गेम बॉय? नंतर आलेला गेम बॉय कलर धरून सुमारे ११ कोटी ८७ लाख!

म्हणजे कागदावर जो शेवटचा, तो बाजारात पहिला. आणि नुसता पहिला नाही, बाकीच्यांच्या कित्येक पट पुढे. असं का झालं, हा आजचा विषय. मी स्वतः सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे या गोष्टीत माझाही एक कान पिळला गेलाय. ते शेवटी सांगतो.

पत्त्यांच्या कारखान्यातला इंजिनिअर

निन्टेन्डो ही कंपनी १८८९ मध्ये जपानच्या क्योटो शहरात सुरू झाली. व्हिडिओ गेमसाठी नाही हां, पत्त्यांसाठी. हानाफुदा नावाचे फुलांची चित्रं असलेले पत्ते ते बनवायचे. १९६५ मध्ये तिथे गुनपेई योकोई नावाचा एक तरुण कामाला लागला. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला, पण काम काय? पत्ते बनवणाऱ्या मशिनींची देखभाल. आपल्यापैकी किती जणांची पहिली नोकरी अशीच असते! डिग्री एका गोष्टीची, काम दुसऱ्याच गोष्टीचं.

रिकाम्या वेळात योकोईने स्वतःच्या करमणुकीसाठी एक लांब होणारा हात बनवला. कात्रीसारख्या उघडणाऱ्या पट्ट्यांचा, मूठ दाबली की पुढे जाऊन वस्तू पकडणारा. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी ते पाहिलं. योकोईला वाटलं, आता शिव्या बसणार. झालं उलटंच. यामाउची म्हणाले, हे खेळणं म्हणून विकायला काढा. १९६६ मध्ये ते 'अल्ट्रा हँड' नावाने बाजारात आलं आणि दहा लाखांहून जास्त खपलं. योकोईची देखभालीतून सुटका झाली ती कायमची.

पुढे एकदा योकोई बुलेट ट्रेनने चालले होते. शेजारी एक नोकरदार माणूस कंटाळून कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला. गणित वगैरे काही नाही, नुसता टाइमपास. त्यावरून योकोईंना सुचलं की कॅल्क्युलेटरचीच स्क्रीन आणि कॅल्क्युलेटरसारखीच चिप वापरून खिशात मावणारा खेळ का करू नये? त्यातून १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' आला. आज प्रत्येक कंट्रोलरवर डाव्या अंगठ्याखाली अधिकच्या चिन्हासारखं जे बटण असतं ना, तेही याच मालिकेतल्या १९८२ च्या 'डाँकी काँग'साठी योकोईंनी आणलं.

आता इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. त्या काळात शार्प, कॅसिओ वगैरे कंपन्यांची कॅल्क्युलेटरवरून इतकी मारामारी झाली होती की त्याच्या चिपा आणि स्क्रीन अगदी स्वस्त झाल्या होत्या. तंत्रज्ञान जुनं, सगळ्यांना पाठ झालेलं. योकोईंचं म्हणणं होतं की नवीन काही करायला नवीनच तंत्रज्ञान लागतं असं नाही. जुन्याकडे आडव्या नजरेने बघा, त्याचा कोणी न केलेला उपयोग शोधा.

त्यांच्या या विचाराचं इंग्रजी भाषांतर करताना लोक 'वाळलेलं, सुकलेलं तंत्रज्ञान' असं करतात. जपानी शब्दाचा थेट अर्थ तोच आहे. पण जपानी इंजिनिअर तो शब्द वापरतात तेव्हा त्यात निंदा नसते. सगळ्या चुका निघून गेल्यात, खात्रीचं झालंय, असा तो अर्थ. आपल्याकडे यासाठी एक भारी शब्द आहे: मुरलेलं. लोणचं मुरतं, माणूस धंद्यात मुरतो, तसं मुरलेलं तंत्रज्ञान. मला तर वाटतं योकोईंचं म्हणणं इंग्रजीपेक्षा मराठीत जास्त चांगलं कळतं.

'दामे गेम'

गेम बॉयवर काम सुरू झालं तेव्हा निन्टेन्डोमध्येच एकमत नव्हतं. योकोईंच्या डोक्यात होतं ते गेम अँड वॉचचंच पुढचं रूप: साधं, स्वस्त. त्यांच्या हाताखालचे सातोरू ओकादा म्हणत होते की नाही, हे खरंखुरं कन्सोल पाहिजे. कॅसेट बदलून वेगवेगळे गेम खेळता आले पाहिजेत, बाहेरच्या कंपन्यांना त्यासाठी गेम लिहिता आले पाहिजेत. बरीच वादावादी झाली आणि शेवटी योकोईंनी ओकादांचं ऐकलं. म्हणजे गेम बॉय हा एकट्या योकोईंचा नाही. स्वस्त आणि टिकाऊ ठेवायचा हट्ट योकोईंचा, त्याला पूर्ण कन्सोल करायचा हट्ट ओकादांचा. दोन्हीपैकी एक हट्ट नसता तर आज आपण यावर बोलत नसतो.

कंपनीतल्या काही लोकांना हे मशीन अजिबात आवडलं नव्हतं. त्याचं अंतर्गत सांकेतिक नाव होतं 'डीएमजी'. त्यावर कोटी करून लोक त्याला 'दामे गेम' म्हणायचे. जपानीत 'दामे' म्हणजे टाकाऊ!

हा टाकाऊ डबा २१ एप्रिल १९८९ ला जपानमध्ये विकायला आला आणि पहिले तीन लाख नग दोन आठवड्यांत संपले. त्याच वर्षी जुलैअखेर तो अमेरिकेत गेला. किंमत नव्वद डॉलरच्या आसपास.

हुशार मुलांचं लिंक्स

आता प्रतिस्पर्ध्यांकडे वळू. आणि इथे एक विनंती: लिंक्सला हसू नका. ते बनवणारे लोक फार मोठे होते.

डेव्ह नीडल आणि आर. जे. मायकल हे दोघं अमिगा कॉम्प्युटरच्या टीममधले. अमिगा म्हणजे ग्राफिक्सच्या बाबतीत त्या काळातलं अफाट मशीन. या दोघांनी एपिक्स नावाच्या कंपनीसाठी एक हँडहेल्ड बनवायला घेतलं. एपिक्स पैशाच्या अडचणीत आली आणि प्रकल्प अटारीकडे गेला. १९८९ च्या सप्टेंबरमध्ये ते लिंक्स नावाने आलं, म्हणजे अमेरिकेत गेम बॉय येऊन जेमतेम एक-दोन महिने झाले होते. किंमत साधारण १८० डॉलर. बरोबर दुप्पट!

लिंक्सचं हार्डवेअर चित्रं लहान-मोठी करण्याचं काम स्वतःच करायचं. त्यामुळे एखादी गाडी लांबून जवळ येताना खरंच मोठी होत येते, असं त्यावर दाखवता यायचं. हातातल्या मशीनवर, १९८९ मध्ये! इंजिनिअर म्हणून मी आजही ते बघून सलाम ठोकतो.

पण त्याला सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते चार-पाच तासांत संपायचे. शिवाय मशीन अवाढव्य. गंमत म्हणजे ते एवढं मोठं असायची गरजच नव्हती. चाचणीसाठी बोलावलेल्या लोकांना मोठं मशीन आवडलं, मोठं म्हणजे पैसे वसूल असं वाटलं, म्हणून डबा मोठा केला. आत बरीच जागा रिकामी होती. अटारीने १९९१ मध्ये आकार आणि किंमत दोन्ही कमी केलं, पण तोवर उशीर झाला होता.

सेगाची जाहिरात आणि सेलचा हिशोब

गेम गिअर जपानमध्ये ऑक्टोबर १९९० ला आणि अमेरिकेत १९९१ मध्ये आलं, १५० डॉलरला. सेगाकडे आधीच मास्टर सिस्टीम नावाचं घरगुती कन्सोल होतं. गेम गिअर आतून बरंचसं तेच, त्यामुळे जुने गेम त्यावर आणणं सोपं होतं. आणि सेगाच्या जाहिराती म्हणजे थेट अंगावर येणाऱ्या. एका जाहिरातीत कुत्रा दाखवला होता. सूर असा, की ज्याला रंग दिसत नाहीत आणि ज्याची अक्कलही बेताची, त्याला गेम बॉय चालून जाईल.

जाहिरात मस्तच होती. पण पोराने मशीन घरी नेल्यावर काय व्हायचं, ते त्या जाहिरातीत नव्हतं.

थोडं तंत्र समजून घेऊ. एलसीडी स्क्रीन स्वतः प्रकाश देत नाही. ती फक्त प्रकाश अडवते किंवा जाऊ देते. गेम बॉयमध्ये खोलीतला प्रकाश आत जाऊन मागच्या थरावर आपटून परत यायचा. लाइट फुकट, कारण तो तुमच्या ट्यूबलाइटचा! रंगीत स्क्रीनमध्ये मात्र रंगांचे फिल्टर असतात आणि ते बराचसा प्रकाश गिळतात. त्या काळच्या रंगीत स्क्रीनला मागून दिवा लावल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आजच्यासारखे एलईडी नव्हते, चक्क एक छोटी फ्लुरोसंट नळी असायची. सगळी वीज ती खायची. म्हणजे रंग हवा तर दिवा हवा, दिवा हवा तर सेल हवेत.

आता हिशोब मांडू. गेम बॉयला चार सेल लागतात आणि ते साधारण पंधरा तास चालतात असं धरा. गेम गिअरला सहा सेल, चार तास. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरगं एकूण ६० तास खेळलं, तर गेम बॉयला १६ सेल लागले. गेम गिअरला? ९०! हा खर्च कोण करणार? आईबाप. आणि मग पोराला सांगितलं जाणार की प्लग लावून खेळ. म्हणजे हातात घेऊन फिरायचं मशीन शेवटी भिंतीला बांधलं गेलं.

एनईसी कंपनीचं टर्बोएक्सप्रेस म्हणून आणखी एक मशीन १९९० मध्ये आलं. ते तर घरच्या कन्सोलचेच गेम जसेच्या तसे खेळायचं. अप्रतिम! किंमत २५० डॉलर, सहा सेल, आणि तीनेक तासांत खेळ खल्लास.

मॉस्कोहून आलेले ठोकळे

सेलचं बोलून झालं. पण नुसता सेल टिकतो म्हणून कोणी मशीन घेत नाही. खेळायला काहीतरी लागतं.

अलेक्सेई पाजित्नोव या मॉस्कोच्या प्रोग्रामरने १९८४ मध्ये टेट्रिस लिहिला. ज्या सोव्हिएत कॉम्प्युटरवर लिहिला, त्याला ग्राफिक्सच नव्हते. ठोकळे कंसाची चिन्हं जोडून काढलेले होते! पुढे या गेमच्या हक्कांवरून मोठा गोंधळ झाला. फेब्रुवारी १९८९ मध्ये हेन्क रॉजर्स हा गेम व्यावसायिक नुसत्या टुरिस्ट व्हिसावर मॉस्कोला जाऊन धडकला आणि हँडहेल्डसाठीचे हक्क घेऊन आला. त्याने निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या प्रमुखांना पटवलं की गेम बॉयबरोबर मारिओ दिलात तर मुलं खेळतील, पण टेट्रिस दिलात तर सगळेच खेळतील. म्हणून अमेरिकेत गेम बॉयच्या खोक्यात टेट्रिस आतच असायचा.

आणि बघा, जोडी कशी जमली. त्या स्क्रीनवर वेगवान गोष्टी धूसर व्हायच्या, पण टेट्रिसचे ठोकळे सावकाश पडतात. रंग नव्हते, पण ठोकळा ओळखायला आकार पुरतो. कंसांवर चालणाऱ्या खेळाला चार छटा म्हणजे चैनच! पाजित्नोवला मात्र १९९६ पर्यंत या खेळाच्या रॉयल्टीतून काहीच मिळालं नाही. हे वाईट वाटतं, पण ते सांगायला हवं.

इथे आपलाही संबंध येतो. माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी लहानपणी गेम बॉय पाहिलासुद्धा नाही. आमच्याकडे होता तो 'ब्रिक गेम'. ९९९९ इन १ लिहिलेला, जत्रेत किंवा स्टेशनबाहेर मिळणारा. त्या ९९९९ मधले खरे गेम मोजून दहा-बारा, त्यातला मुख्य टेट्रिसचीच नक्कल. माझ्या मामाने तो आणला होता. सेल संपले की मी टीव्हीच्या रिमोटमधले काढायचो, आणि मग बाबा मॅचच्या वेळी रिमोट आपटत बसायचे. मेलेले सेल उन्हात ठेवून पुन्हा वापरणं हे तर तुम्हीही केलं असेल, खोटं बोलू नका.

मग नुसत्या सेलमुळे जिंकला का?

नाही. हा भाग मुद्दाम घेतोय, कारण इंटरनेटवर ही गोष्ट फार सोपी करून सांगतात: साधेपणा जिंकला, टाळ्या, संपलं.

निन्टेन्डो तेव्हा आधीच दादा कंपनी होती. अमेरिकेत घरगुती कन्सोलच्या बाजारावर तिचा जबरदस्त कब्जा होता. दुकानदार तिचं ऐकायचे, गेम लिहिणाऱ्या कंपन्या तिच्यामागे धावायच्या. मारिओ तिचाच. अटारीकडे यातलं काहीच नव्हतं. उद्या एखाद्या छोट्या कंपनीने गेम बॉयसारखंच साधं मशीन काढलं असतं, तर ते चाललंच असतं असं नाही. मुरलेल्या तंत्रज्ञानाने निन्टेन्डोला दोन गोष्टी दिल्या: कमी किंमत आणि जास्त तास. त्याचा फायदा उठवायला ताकद आणि गेम दोन्ही लागले.

तिसरी गोष्ट म्हणजे टिकणं. निन्टेन्डोच्या न्यूयॉर्कमधल्या दुकानात अनेक वर्षं एक जळका गेम बॉय ठेवलेला होता. आखाती युद्धात भाजून निघालेला, पुढचं प्लास्टिक वितळलेलं, आणि तरी त्यावर टेट्रिस चालू.

हे टिकणं किती महत्त्वाचं, ते १९९६ मध्ये कळलं. तोवर लिंक्स बंद झालं होतं, गेम गिअरही शेवटच्या घटका मोजत होतं. गेम बॉय सात वर्षांचा म्हातारा. आणि तेव्हा सातोशी ताजिरी यांचा पोकेमॉन आला, सहा वर्षं रखडत रखडत तयार झालेला. ताजिरींना लहानपणी किडे गोळा करायचा नाद होता. दोन गेम बॉय जोडणारी वायर बघून त्यांना वाटलं, यावरून किडे इकडून तिकडे चालत गेले तर? रेड आणि ग्रीन असे दोन गेम काढले, काही पोकेमॉन एकात नाहीत, काही दुसऱ्यात नाहीत. सगळे हवे असतील तर मित्राशी अदलाबदल करा. ती जोडणारी वायर १९८९ पासून होतीच. पुन्हा तेच: जुनं हार्डवेअर, आडवी नजर.

गुरूची विद्या गुरूला

आता योकोईंचं काय झालं ते ऐका.

१९९५ मध्ये त्यांनी 'व्हर्च्युअल बॉय' आणला. डोळे लावून बघायचं, लाल-काळ्या चित्रांचं, टेबलावर स्टँडवर ठेवायचं यंत्र. ते ना धड घरातलं होतं, ना धड खिशातलं. जेमतेम पावणेआठ लाखांच्या आसपास विकलं गेलं आणि वर्षभरात गाशा गुंडाळला. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर योकोईंनी निन्टेन्डो सोडली. अपयशामुळे सोडली असं लोक म्हणतात; स्वतः योकोईंनी ते कारण मान्य केलं नव्हतं.

त्यांनी 'कोतो' नावाची छोटी कंपनी काढली आणि बंदाई कंपनीसाठी एका नव्या हँडहेल्डवर काम सुरू केलं, म्हणजे थेट गेम बॉयशीच स्पर्धा. ४ ऑक्टोबर १९९७ ला हायवेवर त्यांच्या गाडीचा छोटा अपघात झाला. ते बघायला खाली उतरले आणि दुसऱ्या गाडीने त्यांना उडवलं. वय ५६.

ते मशीन, वंडरस्वान, मार्च १९९९ मध्ये आलं. काळी-पांढरी स्क्रीन, किंमत फक्त ४८०० येन, आणि फक्त एक पेन्सिल सेल. एक! त्यावर तीसेक तास खेळा. योकोईंचा विचार पूर्ण मुरलेला होता त्यात.

पण तोपर्यंत, १९९८ मध्ये, निन्टेन्डोने गेम बॉय कलर काढला होता. लिंक्सनंतर नऊ वर्षांनी रंग! इतकी वर्षं का थांबले? कारण आता मागून दिवा न लावता, दोन सेलवर चालणारी रंगीत स्क्रीन परवडायला लागली होती. रंग मुरेपर्यंत ते थांबले. योकोईंनी शिकवलेलंच वापरून निन्टेन्डोने योकोईंच्या शेवटच्या मशीनला मागे टाकलं. गुरूची विद्या गुरूला म्हणतात ती अशी.

माझा कान

शेवटी कबूल केल्याप्रमाणे माझी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी मी डिलिव्हरीवाल्या पोरांसाठीच्या ॲपवर काम करत होतो. नकाशावर गाडी मस्त सरकत जायची, दर सेकंदाला जागा अपडेट. डेमोला टाळ्या पडल्या, कारण डेमो आमच्या महागड्या फोनवर होता आणि चार्जर टेबलावर होता. महिन्याभराने एक मुलगा ऑफिसखाली भेटला. म्हणाला, "दादा, ॲप भारी आहे, पण दुपारी दोनला फोन मरतो. मग पुढच्या ऑर्डरी जातात."

मी लिंक्स बनवलं होतं हो! माझ्या हुशारीचं बिल तो भरत होता.

आम्ही ते सरकणं काढून टाकलं. जागा कमी वेळा अपडेट करायला लागलो. नकाशा आता जरा झटके देत हलतो, दिसायला ओबडधोबड. पण तो मुलगा संध्याकाळपर्यंत काम करतो.

तेव्हा पुढच्या वेळी नवीन फोन घेताना मेगापिक्सेल आणि गीगाहर्ट्झ बघाल, तेव्हा एकदा हेही विचारा की दुपारी दोननंतर याचं काय होतं.

तुमच्या घरी जुना ब्रिक गेम पडला असेल तर सेल घालून बघा आणि चालतोय का ते मला कळवा. आमचा अजून चालतो. रिमोट मात्र बाबांनी लपवून ठेवलाय.

भेटू पुढच्या भागात!